रेघ आणि सही

"खोडायचं नाही, बाय. एक रेघ मारायची आणि बाजूला सही करायची."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या माणसाचा चांगलाच राग आला होता. रत्नागिरीत तेव्हा नुकतेच नेट कॅफे निघायला लागले होते. चाचांच्या कॅफेत दाराजवळच्या टेबलावर एक वही असायची. नाव, कुठून आलात, किती वाजता आलात, किती वाजता गेलात. मी 'कुठून' या रकान्यात आमच्या कार्यालयाचं नाव लिहिलं आणि लगेच मनात आलं, की कार्यालयाच्या वेळेत इथे काय करत होतीस असं उद्या कोणी विचारलं तर? म्हणून ते नाव गिरगटून टाकलं, पार कागद फाटेपर्यंत.

चाचांनी वही स्वतःकडे ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि तो निळा ठिपका डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"काय होतं इथे?"

"काही नाही. चुकलं."

"चुकलं ते दिसायला हवं," ते म्हणाले आणि ते रेघ-सहीचं वाक्य मला ऐकवलं. नुसतं ऐकवून थांबले नाहीत. समासात एक शब्द लिहिला, त्यावर डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ मारली, शेजारी बारीक सही केली. "हे बघ. चूक पण दिसते, दुरुस्ती पण दिसते, कोणी केली ते पण दिसतं."

मी तेव्हा तिशीतली, सरकारी नोकरीत आठ वर्षं मुरलेली. आमच्याकडे पांढऱ्या शाईच्या बाटल्या खोक्याने येत आणि खोक्याने संपत. मनात म्हटलं, आला मोठा शिकवणारा.

सगळे त्यांना रेडिओचाचा म्हणायचे. राजिवड्याचे राहणारे. जन्म गेला जहाजांवर, रेडिओ ऑफिसर म्हणून. समुद्रात असताना मोर्सच्या खुणांनी कट्ट-कड करून संदेश पाठवायचे, आलेले ऐकायचे आणि प्रत्येक संदेश वेळेसकट लॉगमध्ये लिहायचे. लॉग म्हणजे जहाजावरची नोंदवही. तिच्यातलं काही खोडायचं नाही असा नियम, कारण जहाज बुडालं तर पुढे त्याच वहीवरून ठरणार की चूक कोणाची. नंतर उपग्रहावरून बोलणारी यंत्रं आली आणि कप्तान स्वतःच बटण दाबून बोलायला लागला. "मला कोणी काढलं नाही गो," चाचा सांगायचे. "माझी खुर्ची काढली. मग मी उभा तरी किती वेळ राहणार?"

तर खुर्ची गेल्यावर ते घरी आले आणि बाजारपेठेतल्या एका गाळ्यात त्यांनी दोन संगणक मांडले. कुवेत, दोहा, सौदीला घरचे असलेल्या बाया तिथे येत आणि चाचा त्यांच्या मेल टाइप करून देत. एखादी बाई सांगता सांगता रडायला लागली की ते थांबायचे आणि बोटांनी टेबलावर कट्ट-कड करत बसायचे. तिचं झालं की विचारायचे, "हे रडलेलं पण लिहू?" बाई हसायची आणि पुढे सांगायला लागायची.

त्यांनी रत्नागिरीसाठी एक संकेतस्थळही केलं होतं. आज तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही, पण त्या काळी आम्हाला ते अजब होतं. भरती-ओहोटीच्या वेळा, मिरकरवाड्याला कुठली बोट आली, मासळी काय आली, वीज कधी जाणार, आणि सगळ्यात वर हवामान. कपाटावर त्यांचा जुना रिसीव्हर असायचा. ठरल्या वेळी ते कानाला हेडफोन लावून हवामानाचा इशारा ऐकत, हिरव्या कापडी पुठ्ठ्याच्या वहीत मिनिटासकट लिहून काढत आणि मग संकेतस्थळावर चढवत. पानाच्या माथ्यावर शोधायची चौकट होती. बोटीचं किंवा माणसाचं नाव टाकलं की त्याच्याबद्दल जे जे लिहिलेलं असेल ते समोर यायचं. परदेशातली मंडळी सकाळी उठल्यावर त्यात आपल्या गावाचं नाव टाकून बघत.

माझा आणि चाचांचा खरा संबंध आला तो एका म्हशीमुळे.

आमच्या कार्यालयाच्या दारात एक खड्डा होता. त्यात पाणी साचलं आणि एक म्हैस रोज दुपारी तिथे येऊन बसायला लागली. सुट्टीवर आलेल्या कोणीतरी फोटो काढला. त्यात म्हैस आणि तिच्या डोक्यावर आमच्या कार्यालयाची पाटी, दोन्ही एकदम ठळक. चाचांनी तो संकेतस्थळावर लावला. आमचे साहेब तापले. मला म्हणाले, "त्या माणसाला फोन लाव आणि म्हणावं, ताबडतोब काढून टाक."

मी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "लेखी द्या."

"अहो चाचा, म्हशीचा फोटो आहे."

"मग म्हशीचं लेखी द्या. जावक क्रमांक घालून."

आवक-जावक माझ्याकडेच. येणारं प्रत्येक पत्र आवक नोंदवहीत आणि जाणारं जावक नोंदवहीत मी चढवायची. साहेबांनी तोंडी मजकूर सांगितला आणि मी टाइप केला. "सदर म्हैस ही या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसून, सदर छायाचित्रामुळे जनमानसात गैरसमज पसरण्याची शक्यता आहे." हे टाइप करताना माझी बोटं कशी चालली ते माझं मला माहीत. पत्र घेऊन मीच गेले. चाचांनी ते दोनदा वाचलं, पोच दिली आणि दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर एक नवीन पान काढलं. त्याचं नाव 'काढायला सांगितलेलं'. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, काय काढायला सांगितलं, कारण काय दिलं आणि आम्ही काय केलं, असे पाच रकाने. पहिली नोंद आमची. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, "काढलं नाही. खड्डा अजून आहे."

आठवड्यात खड्डा बुजला. चाचांनी 'अजून आहे' वर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, "आता बुजवला आहे." तेव्हापासून मी त्यांची जावकबाय झाले. "काय गो जावकबाय, आज काय काढायचं?" मला बघितलं की हेच.

आणि काढायला सांगणारे निघत होते हो! पहिलं पत्र गेल्यावर इतर कार्यालयांनाही वाट सापडली. कोणाला बंद नळाचा फोटो नको, कोणाला गळक्या छपराचा. बहुतेकांचं काम तोंडीच. चाचा सगळ्यांना एकच सांगत, लेखी द्या. लेखी म्हटलं की निम्मे लोक परत फिरायचे. तोंडी सांगायला कोणाच्या बापाचं काय जातं, सही करायची म्हटली की पेन सापडत नाही. हे मी आठ वर्षं रोज बघत होते, पण त्यातून कोणाला असं कोंडीत पकडता येतं हे मला त्यांनी दाखवलं.

पण चाचा हट्टाला पेटून नाहीच म्हणायचे, असं समजू नका. एकदा एक हवालदार आला. कोणीतरी कॉलेजातल्या एका मुलीचा फोटो तिला न विचारता अभिप्रायांच्या पानावर टाकला होता. चाचांनी आधी तो फोटो काढला आणि मग हवालदाराला बसायला खुर्ची दिली. त्या वेळी त्यांनी लेखी मागितलं नाही. यादीत मात्र नोंद केली, मुलीचं नाव न घालता. "एक फोटो काढला. मुलीला न विचारता कोणी टाकला होता. आधीच बघायला हवं होतं. चूक आमची." शेजारी सही.

आता मुख्य गोष्ट सांगते. ही सांगताना मला अजून धड बसवत नाही.

दिवाळी होऊन गेली होती आणि मासेमारी जोरात होती. समुद्रात वादळ उठलं. वादळाचा इशारा फॅक्सने आमच्या कार्यालयात यायचा, आम्ही बंदरावर निरोप द्यायचा आणि मग बंदरावरच्या खांबावर बावटा चढायचा. बावटा चढला की बोटी जात नाहीत. तो बघण्यासाठी लिहिता-वाचता यायला लागत नाही. त्या दिवशी इशारा आला आणि नेमका तो दुसरा शनिवार होता. कार्यालयाला कुलूप. फॅक्सच्या यंत्रातून कागद बाहेर आला आणि तसाच लोंबत राहिला. सोमवारी सकाळी मी आले, कागद फाडून घेतला, आवक नोंदवहीत सोमवारची तारीख घालून चढवला आणि साहेबांपुढे ठेवला. मग निरोप गेला आणि बावटा लागला.

मिरकरवाड्याहून एक बोट रविवारी पहाटे निघून गेली होती. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बुरोंडी गावचा. बरोबरचे चार खलाशीही बुरोंडीचेच. शनिवारी ते सगळे घरी होते. पहाटे थेट बंदरावर आले, खांबावर काही नाही असं बघून बोट सोडली. पाचांतला एकही परत आला नाही.

चौथ्या दिवशी आमच्या कार्यालयाने वर्तमानपत्रांना खुलासा दिला. इशारा वेळेत देण्यात आला होता. संबंधित नौका इशारा डावलून समुद्रात गेली. तो खुलासा मी टाइप केला. सोमवारची नोंद माझ्याच हातची होती आणि तरीही मी टाइप केला. बोटं चालत राहिली. नोकरीची सवय, दुसरं काय.

बुरोंडीत तो खुलासा वाचला गेला आणि तांडेलाची बायको सुगंधा एका दिवसात गावाची वैरीण झाली. चार खलाशांच्या चार विधवा तिच्याच आळीतल्या. तिच्या नवऱ्याने बावटा बघूनही माणसं समुद्रात नेली, असं त्या म्हणायला लागल्या. सुगंधा विहिरीवर गेली की बाकीच्या बाया कळश्या उचलून निघून जात. मिरकरवाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं की रविवारी बावटा नव्हता. पण ते कागदावर सांगायला कोणी तयार नव्हतं. बोटीचे परवाने सरकारकडून येतात, उद्या अडवले तर?

कागदावर होतं ते फक्त चाचांच्या लॉगमध्ये. माथ्यावर तांडेलाचं आणि बोटीचं नाव घालून त्यांनी ते पान जसंच्या तसं संकेतस्थळावर उतरवलं. शनिवार, दुपारी तीन दहा, वादळाचा इशारा ऐकला. तीन पंचवीस, कार्यालयात फोन केला, कोणी उचलला नाही. चार वाजता बंदरावर गेलो, बावटा नाही, बंदरात असलेल्या बोटींना तोंडी सांगितलं. सोमवार, सकाळी साडेदहा, बावटा लागला. आणि शनिवार-सोमवारच्या नोंदींच्या मध्ये एक ओळ होती. "रविवारी सकाळी मी बंदरावर गेलो नाही. बावटा लागला असेल असं धरून चाललो."

मी म्हटलं, "चाचा, ही ओळ कशाला? तुम्हाला कोणी विचारलंय का?"

"लॉग विचारतो," ते म्हणाले. "मी गेलो असतो तर तांडेल भेटला असता."

बुरोंडीची मुंबईला असलेली मुलं तेव्हा नेट बघायला लागली होती. त्यांनी शोधायच्या चौकटीत तांडेलाचं नाव टाकलं, हे पान त्यांच्यासमोर आलं आणि त्यांनी गावात फोन केले. हळूहळू विहिरीवर बायका थांबायला लागल्या. एका विधवेने सुगंधाच्या कळशीला हात लावून ती तिच्या डोक्यावर चढवून दिली. सुगंधाने हे मला पुढे तीन-चार वेळा तरी सांगितलं असेल.

आणि मग मी जावकबाय पुन्हा एक पत्र घेऊन चाचांकडे गेले. "सदर मजकूर शासनाची प्रतिमा मलिन करणारा असल्याने तो तात्काळ काढून टाकावा, तसेच शोध घेतला असता तो आढळणार नाही अशी व्यवस्था करावी." हे पत्राचं मराठी झालं. साहेब तोंडी म्हणाले होते, "ते शोधायचं भोक आहे ना त्याच्या पानावर, ते बुजवायला सांग."

चाचांनी पत्र वाचलं. "टाइप तू केलंस?"

"हो."

"चांगलं केलंयस," ते म्हणाले. पोच दिली. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "काढणार नाही. पान खरं आहे. खोटं असेल तर कुठलं वाक्य ते लेखी कळवावं."

कुठलं वाक्य ते कोणी कळवलं नाही. साहेबांनी वेगळी वाट काढली. ज्या मुंबईच्या कंपनीच्या यंत्रावर हे संकेतस्थळ होतं, त्या कंपनीलाच पत्र धाडलं. कंपनीने चाचांना न विचारता ते पान उडवलं आणि वर कळवलं, पुन्हा चढवलंत तर अख्खं संकेतस्थळ बंद करू. अख्खं बंद म्हणजे हवामानही बंद. तोवर बंदरावरचे बरेच जण सकाळी चाचांकडे विचारूनच बोटी काढत होते. ते दोन दिवस मी त्यांना दुसरं काही करताना पाहिलं नाही. टेबलावर कट्ट-कड आणि समोर थंड झालेला चहा. मग त्यांनी यादीत पानाचं शीर्षक लिहिलं, तांडेलाच्या आणि बोटीच्या नावासकट, त्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, की हे पान अमुक कार्यालयाच्या अमुक पत्रावरून काढलं गेलं. खाली सही.

आता कोणी तांडेलाचं नाव शोधलं की एवढंच समोर यायचं. रेघ मारलेलं नाव.

पंधरा दिवसांनी सुगंधा एसटीने रत्नागिरीला आली. मी तेव्हा कॅफेतच होते. चाळिशीची, काटक बाई, पाय धुळीने भरलेले. आल्या आल्या तिने चाचांना विचारलं, "माज्या घोवाच्या नावावर रेग तुमी मारलीत?"

"मी मारली," चाचा म्हणाले.

"गावात समदी बोलतात, सरकारानं रेग मारली म्हंजे ता खोटा व्हता. बाया परत कळश्या उचलून जातात मी आली की. माजा घोव बावटा बगून नाय गेला."

चाचा तिला सांगायला लागले. रेघ मारणं म्हणजे खोडणं नाही, बाई. काहीतरी होतं आणि ते कोणी काढलं, हे दिसावं म्हणून रेघ. जहाजावर असंच करतात. सुगंधाने सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या गावात जहाज नाय," ती म्हणाली.

चाचा उठले, कपाटातून ती हिरवी वही काढली आणि म्हणाले, "चल. चौकशी बसली आहे. तिथे देऊ."

वरून एक चौकशी अधिकारी आले होते. चाचा सुगंधाला घेऊन गेले, वही पुढे ठेवली. अधिकाऱ्यांनी ती नीट पाहिली, पण म्हणाले की ही खाजगी वही आहे, हिला पुरावा कसा मानू? सरकारी कागद हवा. फॅक्स कधी मिळाला त्याची नोंद असेल ना? उद्या आवक नोंदवही मागवतो.

चाचा येऊन मला फक्त एवढं म्हणाले, "उद्या तुझी वही मागवणार आहेत." मला काय करायचं ते सांगितलं नाही. मी वाट बघत होते की सांगतील. नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. आवक नोंदवही टेबलावर उघडी होती आणि शेजारी पांढऱ्या शाईची नवी बाटली. "सोमवारची तारीख तुझ्या हातून चुकून पडली आहे," साहेब म्हणाले. "शनिवारी बंदरावर तोंडी निरोप गेला होता. तारीख दुरुस्त कर."

शनिवारी कार्यालयाला कुलूप होतं हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक. माझ्या घरी आजारी सासू, नवऱ्याची नोकरी कच्ची. शूर वगैरे मी कधीच नव्हते. मी खुर्चीवर बसले, बाटली बाजूला सारली आणि पेन उघडलं. सोमवारच्या तारखेवर डावीकडून उजवीकडे एक रेघ मारली. वर शनिवारची तारीख लिहिली. शेजारी लिहिलं, "साहेबांच्या आजच्या तोंडी आदेशावरून बदल." खाली सही, आजची तारीख आणि वेळ.

"हे काय केलंस?" साहेब ओरडले.

"दुरुस्ती केली, साहेब," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलीत तीच."

ते बाटलीकडे हात नेईपर्यंत दारावर चौकशीचा शिपाई वही न्यायला उभा होता. मी ती त्याच्या हातात दिली आणि पोच घेतली.

चौकशी अधिकाऱ्यांनी ती ओळ पाहिली. मला बोलावून एकच विचारलं, रेघेखालची तारीख कोणी लिहिली? मी सांगितलं, मी, सोमवारी. अहवाल यायला चार महिने लागले. त्यात लिहिलं होतं की बावटा सोमवारी लागला, रविवारी तो नव्हता, आणि तांडेलाने इशारा डावलला असं म्हणता येत नाही. साहेबांची बदली झाली. माझीही झाली, लांज्याला. रोज एसटीने जा-ये, ती मी पुढे सहा वर्षं केली. कंपनीने ते पान परत चढवलं नाही ते नाहीच. चाचांनी अहवालातलं ते वाक्य यादीत घातलं, तांडेलाच्या नावासकट, रेघेशिवाय.

सुगंधा पुन्हा आली ती सुके बोंबील घेऊन. बाया पाण्याला थांबतात, म्हणाली. तिने चाचांना ते लॉगचं पान पहिल्यापासून वाचून दाखवायला लावलं. रविवारच्या ओळीशी चाचांचा आवाज जरा उतरला. सुगंधा म्हणाली, "ह्या वळीवर रेग मारा, चाचा."

"नाही."

"मी सांगते ना. तुमचा काय चुकला त्यात?"

"चुकीची नोंद असेल तर रेघ मारायची," चाचा म्हणाले. "ही नोंद बरोबर आहे. मी नव्हतो गेलो."

ती वाद घालत बसली, ते हटले नाहीत. शेवटी बोंबील ठेवून ती एसटीला गेली. पुढे दरवर्षी मोसम सुरू व्हायच्या आधी ती यायची, तेच म्हणायची आणि चाचा नाही म्हणायचे. मला तर वाटायला लागलं होतं की दोघांना आता त्याची सवय झाली आहे.

चाचा गेले ते एका साध्या दुपारी, रिसीव्हरसमोर बसूनच. हेडफोन गळ्यात, वही उघडी, वेळ लिहिलेली, पुढचा मजकूर नाही. मला चाचींचा फोन आला तो लांज्याच्या कार्यालयात. मी तशीच उठले आणि वाटेवर मिळेल त्या गाडीने निघाले. गाडीत रडले, लोक बघत होते, बघू देत म्हटलं.

चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावर चाचींनी मला बोलावलं. गाळा रिकामा करायचा होता. संकेतस्थळ चालवणारं आता कोणी नव्हतं, ते महिनाअखेरीस बंद होणार होतं आणि त्याबरोबर ती यादीही. वह्या मात्र होत्या. "त्यांनी सांगून ठेवलंय, वह्या जावकबायला द्यायच्या," चाची म्हणाल्या. मी गेले तर सुगंधा आधीच येऊन बसलेली. तिला कोणी कळवलं, देव जाणे.

तिने मला ते पान काढायला लावलं. मी बोट ठेवून वाचलं. रविवारची ओळ आली तशी ती म्हणाली, "पेन दे."

मी सरकारी बाई. माझ्या तोंडून निघून गेलं, "ज्याने नोंद केली त्यानेच रेघ मारायची असते गो."

"ज्याचा मानूस गेला तिला नाय मारता येत?"

मी पेन दिलं. इतकी वर्षं कार्यालयांना अर्ज करता करता ती सही शिकली होती. तिने डावा हात पानावर दाबून धरला आणि त्या ओळीवर हळूहळू एक रेघ ओढली. थोडी वाकडी गेली. शेजारी तिने सही केली, जोर देऊन, एकेक अक्षर सुटं. तारीख मी घातली.

वही माझ्या कपाटात आहे. ओळ अजून वाचता येते.